जीव घालायला

व्हिसाच्या अर्जात रकाना होता : भेटीचा उद्देश.
दस्तगीरमामा म्हणाले, लिही, जीव घालायला.
मी म्हटलं, असं लिहिलं तर ते तुम्हाला दवाखान्यात धाडतील,
आणि दवाखाने काय मिरजेत कमी आहेत?

हसले नाहीत. खिशातून रीळ काढलं,
पांढरा सुती दोरा बोटभर तोडला,
माझ्या झेरॉक्सच्या काचेवर ठेवला.
याला जीव म्हणतात. घोडीवर, तारेच्या खाली.
हा नसला तर तंबोरा म्हणजे नुसता भोपळा, भाजीचाही नाही.

मी टाइप केलं : वाद्यदुरुस्ती.
तीस रुपये झाले. त्यांनी पन्नासची नोट दिली.
सुटे नव्हते. वीस अजून माझ्याकडे आहेत.

तंबोरा त्यांच्या वडिलांच्या हातचा,
कुठल्याशा शिष्टमंडळानं भेट दिलेला
जगातल्या देशांच्या त्या मोठ्या कचेरीला, जिनिव्हात, तळ्याकाठी.
तिथल्या थंडीनं मुका झाला होता.

परत आल्यावर सतारमेकर गल्लीत, भुश्यात बसून सांगत होते :
फाटकावर कानस काढून घेतली, पटाशी घेतली, सुरी घेतली.
आत तंबोऱ्यापाशी नेलं, तर शिपाई आधी त्याच्या पोटात बॅटरी मारून बघतोय.
चाळीस वर्षं तिथंच उभा आहे बिचारा,
आणि मी आलो म्हणून त्याची झडती!

सभागृह केवढं?
जंक्शनचे सगळे फलाट शेजारी शेजारी अंथर.
खुर्चीखुर्चीला कानात घालायचं यंत्र, सहा भाषांचं बटण.
मामांनी सहाही फिरवून ऐकल्या.
सभा नव्हती. सहाही भाषांत एकच भणभण,
पांढरी दोनच्या जराशी खाली.
एवढे देश येऊन बसतात, म्हणाले,
कुणाला ती चढवून घ्यावीशी वाटली नाही.

मग फरशी पुसणारी बाई आली.
नाव? फातिमा.
मामांनी छातीशी हात नेऊन सलाम केला.
तिनं गळ्यातला क्रूस दाखवला. पोर्तुगालची.
असू दे, मामा म्हणाले (मराठीत, आणखी कशात म्हणणार),
माझ्या मावशीचं नाव आहे, जपून वापर.

कानस नाही हे हातवाऱ्यांनी सांगितलं.
तिनं पर्समधून नखं घासायची पट्टी काढली, गुलाबी मुठीची.
तिनं तीन तास घोडी घासली त्यांनी. हाडाचा भुगा
त्या गालिच्यावर पडू नये म्हणून
बाई ओंजळ धरून बसली.
मग चारी तारांखाली दोरे सरकवले,
खर्ज छेडला,
आणि तिच्या बादलीतलं पाणी, म्हणे, हललं.
मामांना फुगवून सांगायची सवय नाही.

तेवढ्यात टायवाला साहेब. फार छान, फार छान.
तीन ठिकाणी सही घेतली,
आणि तंबोरा काचेच्या कपाटात उभा केला.
सहा भाषांत पाटी : हात लावू नये.

गळ्यातला पास आता दुकानात खिळ्याला आहे,
फोटोत मामा चोरासारखे दिसतात.
गुलाबी पट्टी मात्र कामात आहे, पोरं तिला फातिमा म्हणतात.
ए, फातिमा दे इकडं.

मार्गशीर्षात ई-मेल आली, माझ्याच पत्त्यावर.
कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेली :
काच पुसायची म्हणून किल्ली माझ्याजवळ असते.
रात्री सगळे गेले की मी एक तार छेडते.
आठ दिवस झाले, आवाज बसलाय.

मामा म्हणाले, जीव सरकलाय. लिही,
केसभर घोडीच्या पुढच्या अंगाला.
मी म्हटलं, केसभर म्हणजे किती? ती मिलिमीटर विचारेल.

चष्मा वर केला. माझ्याकडे पाहिलं,
जसं बेसूर शागिर्दाकडे पाहतात.
मग कानाजवळचा एक पांढरा केस उपटला,
कागदात घडी करून माझ्यापुढं सरकवला.

पोस्टातल्या कारकुनानं पाकीट हलवून पाहिलं.
परदेशचं आहे, आत काय ते लिहावं लागेल.
मी लिहिलं :
माप.